मंगळाच्या ध्रुवावरील हिमाचे थर

१. लखनौची कोनशिला

लखनौ शहरात विद्यापीठ मार्गावर बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था ही संशोधनसंस्था आहे. तिची कोनशिला इतर कोनशिलांसारखी नाही. जगाच्या निरनिराळ्या भागांतून मिळविलेले जीवाश्म त्या शिलेत बसविलेले आहेत. लखनौ विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि पुरावनस्पतिशास्त्राचे जगन्मान्य अभ्यासक डॉ. बीरबल साहनी यांनी ती सिद्ध केली होती. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ती बसविण्यात आली, आणि त्यानंतर एका आठवड्यातच डॉ. साहनी यांचे निधन झाले. त्यांनी आरंभिलेले काम मात्र थांबले नाही.

खडकांत आणि गाळात पृथ्वीच्या भूतकाळाची जी नोंद साठून राहिली आहे ती वाचणे, हे या शास्त्राचे कार्य होय. उदाहरणार्थ, एखाद्या जुन्या सरोवराच्या तळात लांब नळी ठोकून गाळाचा उभा नमुना बाहेर काढतात. वाऱ्याने व पाण्याने आलेली माती वर्षानुवर्षे तळाशी बसत गेलेली असल्यामुळे सर्वांत खालचा थर सर्वांत जुना आणि सर्वांत वरचा थर अलीकडचा असतो. प्रत्येक थरातील थोडा गाळ घेऊन आम्लांच्या साहाय्याने त्यातील खनिजे विरघळवून टाकली, म्हणजे वनस्पतींचे परागकण शिल्लक राहतात. परागकणाचे कवच इतके चिवट असते की, हजारो वर्षांनंतरही सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखू येते. एका थरात गवताचे परागकण अधिक आणि दुसऱ्यात वृक्षांचे अधिक आढळले, तर त्या दोन काळांतील पर्जन्यमानात फरक पडला असावा, असे अनुमान करता येते. ज्या काळी लिहून ठेवणारा कोणीही नव्हता, त्या काळचे हवामान अशा रीतीने आज कळू शकते.

थरांची अशी नोंद केवळ पृथ्वीवरच आहे काय? तसे नाही. मंगळाच्या दोन्ही ध्रुवांवर हिम व धूळ यांचे असंख्य थर एकावर एक रचले गेले आहेत. मंगळाच्या हवामानाचा इतिहास कोठे सुरक्षित राहिला असेल, तर तो तेथे राहिला असण्याचा संभव सर्वांत अधिक आहे. या थरांवर अद्याप कोणतेही यान उतरलेले नाही. परंतु त्यांच्या सीमेपलीकडील हिममय भूमीवर एक यान २००८ साली उतरले आणि त्याने पाच महिने काम केले. त्या यानाने काय पाहिले, आणि पुढील यानाने प्रत्यक्ष थरांवर उतरून काय पाहावयाचे आहे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

२. दुर्बिणीतून दिसलेल्या पांढऱ्या टोप्या

मंगळाच्या ध्रुवांवरील शुभ्र ठिपके सतराव्या शतकातील दुर्बिणींतूनही दिसले होते. ज्योतिर्विद कॅसिनी याने त्यांची नोंद केली. पुढे १७८४ साली विल्यम हर्शेल याने असे दाखवून दिले की, हे ठिपके ऋतुमानाप्रमाणे वाढतात व आक्रसतात. यास्तव ते पृथ्वीच्या ध्रुवांप्रमाणेच बर्फाचे असावेत. त्याचे अनुमान अर्धे बरोबर होते.

उरलेले अर्धे सत्य कळावयास आणखी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १९६५ साली ‘मरिनर ४’ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा तेथील वातावरण अत्यंत विरळ असल्याचे निष्पन्न झाले. तेथील वायुदाब पृथ्वीवरील वायुदाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी आहे, आणि वातावरणाचा सुमारे ९५ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड वायूचा आहे. १९६६ साली लेटन व मरे या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी गणित करून असे प्रतिपादिले की, मंगळाच्या ध्रुवांवरील हिवाळ्यात हा वायूच गोठून भूमीवर बसला पाहिजे. पुढील यानांच्या निरीक्षणांनी हे खरे ठरले.

म्हणून मंगळावर दोन प्रकारचा बर्फ आहे, हे वाचकाने प्रथम ध्यानी घ्यावे. एक पाण्याचा, आपल्या परिचयाचा. आणि दुसरा गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, ज्यास शुष्क बर्फ म्हणतात. देवापुढे ठेवलेली कापराची वडी न वितळताच हळूहळू झिजून नाहीशी होते, हे सर्वांनी पाहिलेले असते. घन पदार्थाचे द्रवरूप न होता एकदम वायुरूप होणे, यास संप्लवन असे म्हणतात. मंगळावर शुष्क बर्फाचे तर असे होतेच. पण हवेचा दाब फार कमी असल्यामुळे पाण्याचा बर्फही उघडा पडला की, बहुधा न वितळताच वाफेच्या रूपाने उडून जातो. पुढील विवेचनात या गोष्टीचे महत्त्व दिसून येईल.

उत्तर ध्रुवावरील कायम टिकणारी हिमटोपी मुख्यतः पाण्याच्या बर्फाची आहे. तिचा व्यास सुमारे १,००० किलोमीटर आहे, म्हणजे लखनौपासून नाशिकपर्यंतच्या हवाई अंतराएवढा. तिची सरासरी जाडी दोन किलोमीटरांच्या घरात असून महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, ज्याची उंची १,६४६ मीटर आहे, तेही तिच्यात सहज बुडून जाईल. दक्षिण ध्रुवावरील थर काही ठिकाणी याहूनही जाड, सुमारे ३.७ किलोमीटरपर्यंत, आहेत. आणि त्यांच्या माथ्यावर शुष्क बर्फाचे काही मीटर जाडीचे आच्छादन वर्षभर टिकून असते. भूमीत खोलवर शिरणाऱ्या रडारलहरींच्या साहाय्याने ही मापे घेण्यात आली आहेत.

३. कोणत्या ऋतूत उतरावे?

मंगळाचा आस २५ अंशांनी कललेला आहे. पृथ्वीचा साडेतेवीस अंशांनी. यामुळे मंगळावरही पृथ्वीप्रमाणे ऋतू होतात. मात्र मंगळाचे वर्ष पृथ्वीवरील ६८७ दिवसांचे असल्याने तेथील प्रत्येक ऋतू जवळजवळ दुप्पट लांब असतो. ध्रुवावर उतरणाऱ्या यानास काय दिसेल, हे ते कोणत्या ऋतूत उतरते यावर अवलंबून राहील.

हिवाळ्यात उतरणाऱ्या यानास काहीच दिसणार नाही, कारण ध्रुवावर त्या वेळी महिनोन्महिने रात्र असते. तापमान शून्याखाली सुमारे १२५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. मंगळावरील एकूण वातावरणाचा सुमारे पाव भाग या काळात गोठून ध्रुवप्रदेशी साचतो. सूर्यप्रकाशावर चालणारे यान अशा वेळी जिवंत राहू शकत नाही.

वसंत ऋतूत, विशेषतः दक्षिण ध्रुवाजवळ, मोठे विलक्षण दृश्य दिसेल. हिवाळ्यात साचलेला शुष्क बर्फ काचेसारखा अर्धपारदर्शक होतो. सूर्यकिरण त्यातून आरपार जाऊन खालची काळसर जमीन तापवितात. तेथे तयार झालेला वायू बर्फाच्या थराखाली कोंडला जातो आणि अखेर थर फोडून, धूळ घेऊन, कारंज्यासारखा वर उसळतो. बर्फ उडून गेल्यावर वायूने कोरलेल्या घळी जमिनीवर उरतात. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत त्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात. प्रत्यक्ष कारंजे उडताना मात्र कोणत्याही यानाने अद्याप टिपलेले नाही.

उन्हाळ्यात शुष्क बर्फाचे हंगामी आवरण निघून जाते, सूर्य अनेक आठवडे मावळत नाही, आणि यानाच्या सौरपट्ट्यांना अखंड प्रकाश मिळतो. म्हणून ध्रुवप्रदेशाकडे पाठविलेली याने उन्हाळ्याच्या सुमारास पोचतील अशा बेताने पाठविण्यात आली.

४. निर्णय यानानेच घ्यावयाचा

पृथ्वीवरून निघालेला रेडिओसंदेश मंगळापर्यंत पोचण्यास ग्रहांच्या स्थितीनुसार तीनपासून बावीस मिनिटे लागतात. उतरण्याची क्रिया मात्र सुमारे सात मिनिटांत संपते. अर्थात उतरताना यानास पृथ्वीवरून मार्गदर्शन करणे अशक्य असते. वेग किती राहिला, छत्री केव्हा उघडावी, इंजिन केव्हा बंद करावे, हे सर्व यानानेच ठरवावे लागते.

भारताच्या मंगळयानापुढेही असाच प्रश्न होता, जरी त्यास उतरावयाचे नसून मंगळाभोवती प्रदक्षिणा घालावयाची होती. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले हे यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. त्या वेळी संदेश पोचण्यास सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती. अडचण आल्यास यानाने ती स्वतःच ओळखून तिचे निवारण करावे, अशी यंत्रणा त्यात बसविलेली होती. या यंत्रणेच्या कामात लखनौ येथे जन्मलेल्या आणि लखनौ विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकलेल्या श्रीमती रितू करिधाल यांचा मोठा वाटा होता. त्या या मोहिमेच्या उपसंचालन-संचालक होत्या. सहा महिन्यांसाठी योजिलेल्या या यानाशी संपर्क २०२२ सालापर्यंत टिकला.

यानाचा निर्णय चुकला तर काय होते, याचे उदाहरण १९९९ साली घडले. ‘मार्स पोलर लँडर’ हे अमेरिकन यान दक्षिण ध्रुवाजवळील थरांच्या प्रदेशात उतरण्यासाठी पाठविण्यात आले होते. ३ डिसेंबर १९९९ रोजी ते मंगळाच्या वातावरणात शिरले आणि त्यानंतर त्याचा संदेश कधीही आला नाही. चौकशीअंती सर्वांत संभाव्य कारण म्हणून पुढे आले ते असे : उतरण्यापूर्वी यानाचे पाय झटक्याने उघडले. त्या हिसक्याने पायांतील संवेदकांनी ‘जमीन लागली’ असा खोटा संकेत दिला. संगणकाने तो खरा मानला आणि जमिनीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर असतानाच इंजिने बंद केली. संकेताची सत्यता दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहण्याची आज्ञा संगणकास दिलेली नव्हती. एवढ्याशा उणिवेमुळे ध्रुवीय थरांचे पहिले निरीक्षण हुकले.

अपयशातून शिकण्याचा असाच अनुभव भारतासही आला. श्रीमती करिधाल मोहीम-संचालक असलेल्या ‘चांद्रयान २’ मोहिमेतील विक्रम हे उतरणारे यान ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाकडे उतरत असता त्याच्याशी संपर्क तुटला. दोष शोधून सुधारणा केल्यावर २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान ३’ चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर सुखरूप उतरले.

५. फिनिक्सने काय पाहिले

१९९९ सालच्या यानाशी साम्य असलेले, पण रद्द झालेल्या मोहिमेतील एक यान अमेरिकेत तयार होऊन पडले होते. त्यात दुरुस्त्या करून ते पुन्हा उपयोगात आणण्यात आले. स्वतःच्या राखेतून पुन्हा उठणाऱ्या कथेतील पक्ष्यावरून त्यास ‘फिनिक्स’ हे नाव देण्यात आले. ४ ऑगस्ट २००७ रोजी ते निघाले आणि २५ मे २००८ रोजी मंगळाच्या ६८ अंश उत्तर अक्षांशावर, तीन पायांवर, अलगद उतरले. ही जागा प्रत्यक्ष हिमटोपीवर नव्हती, तर तिच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण मैदानात होती.

ती निवडण्याचे कारण असे. २००२ साली ‘मार्स ओडिसी’ या प्रदक्षिणा घालणाऱ्या यानाने मंगळाच्या भूमीतून बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजले होते. जमिनीत हायड्रोजन असेल तर न्यूट्रॉनांचा वेग मंदावतो. उच्च अक्षांशांवर जमिनीच्या वरच्या एक मीटरभर थरात हायड्रोजन विपुल असल्याचे या मापनावरून दिसले, आणि हायड्रोजन म्हणजे बहुधा पाणी. तथापि ते अनुमान होते. प्रत्यक्ष हात लावून पाहणे आवश्यक होते.

फिनिक्सच्या पहिल्या छायाचित्रांत बर्फ दिसला नाही. दिसले ते तांबूस मैदान आणि त्यावरील उथळ भेगांनी पाडलेले बहुकोनी चौथरे. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल सुकून तडकतो, त्यासारखेच हे दृश्य. परंतु कारण निराळे होते. जमिनीखाली बर्फ असला आणि तो थंडीने आकुंचन पावून वारंवार तडकत राहिला, म्हणजे अशा आकृती तयार होतात. पृथ्वीवर आर्क्टिक प्रदेशात त्या सर्वत्र आढळतात. यानाखाली, इंजिनांच्या झोताने धूळ उडून गेली होती तेथे, एक गुळगुळीत, उजळ पृष्ठभाग उघडा पडलेला दिसला.

यानास सुमारे २.३५ मीटर लांबीचा यांत्रिक हात होता. त्याने चर खणला, तेव्हा काही सेंटिमीटर खोलीवरच पांढरा पदार्थ लागला. तो बर्फ असेल, मीठ असेल किंवा शुष्क बर्फही असेल. केवळ रंगावरून निर्णय करणे शास्त्रीय नव्हे. शास्त्रज्ञांनी साधा उपाय केला : ते थांबले. १५ जून रोजी घेतलेल्या छायाचित्रात चराच्या कडेला पांढरे लहान खडे दिसत होते. १९ जूनच्या छायाचित्रात ते नाहीसे झालेले होते. मीठ असते तर ते उडून गेले नसते. शुष्क बर्फ असता तर त्या उन्हाळी तापमानात तो एक दिवसही टिकला नसता. चार दिवसांत कापराप्रमाणे झिजून जाणारा पदार्थ पाण्याचा बर्फच असला पाहिजे. पुढे जुलैच्या अखेरीस यानातील लहान भट्टीत तेथील मातीचा नमुना तापविण्यात आला, तेव्हा त्यातील बर्फ शून्य अंशाशी वितळला आणि निघालेली वाफ पाण्याचीच असल्याचे उपकरणाने दाखविले. मंगळावरील पाण्यास यंत्राने प्रथमच असा स्पर्श केला.

यानावरील कॅनडाच्या हवामानयंत्रातून हिरव्या रंगाचा लेसरकिरण आकाशात सोडण्यात येत असे. ऋतू पालटू लागला तेव्हा सुमारे चार किलोमीटर उंचीवरील ढगांतून हिमकण खाली येत असल्याचे त्या किरणाने दाखविले. मंगळावर हिम पडते, हे प्रथमच प्रत्यक्ष कळले.

तीन महिन्यांसाठी योजिलेल्या या यानाने पाच महिने काम केले. दिवस लहान होत गेले, सूर्य क्षितिजाजवळ आला, वीज अपुरी पडू लागली आणि २ नोव्हेंबर २००८ रोजी त्याचा शेवटचा संदेश आला. मंगळावरील दीर्घ हिवाळ्यानंतर, २०१० साली, आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत त्याच्या सौरपट्ट्या मोडल्याची चिन्हे दिसली. शुष्क बर्फाच्या भाराने त्या मोडल्या असाव्यात.

६. एक अनपेक्षित क्षार

फिनिक्सने तेथील माती पृथ्वीवरून नेलेल्या पाण्यात कालवून तिची रासायनिक परीक्षा केली. माती किंचित अल्कधर्मी निघाली. तीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचे द्रव्य, आढळले. ते बहुधा पाण्याच्या सान्निध्यात तयार होते. परंतु सर्वांत अनपेक्षित पदार्थ म्हणजे परक्लोरेट नावाचे क्षार. मातीत त्यांचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते.

या शोधाचे दोन परिणाम परस्परांच्या विरुद्ध दिशेने जातात. आइस्क्रीमच्या पॉटात बर्फाबरोबर खडेमीठ घालतात, कारण मीठ मिसळलेले पाणी शून्याखालीही गोठत नाही. परक्लोरेट या बाबतीत साध्या मिठाहून कितीतरी प्रभावी आहेत. मॅग्नेशियम परक्लोरेटचे दाट द्रावण शून्याखाली ६५ अंशांच्या आसपासही द्रवरूप राहू शकते. म्हणजे मंगळाच्या थंडीतही द्रवाचे पातळ पापुद्रे असण्याची शक्यता निर्माण होते.

उलटपक्षी, तापविले असता परक्लोरेटमधून ऑक्सिजन सुटतो आणि जवळच्या सेंद्रिय द्रव्यांना जाळून टाकतो. १९७६ साली ‘व्हायकिंग’ यानांनी मंगळाची माती तापवून सेंद्रिय द्रव्ये शोधली, ती सापडली नाहीत. आणि मंगळ निर्जीव असल्याचा समज त्यामुळे दृढ झाला. फिनिक्सनंतर शास्त्रज्ञांना असा प्रश्न पडला की, ती द्रव्ये तेथे होती, पण शोधण्याच्या रीतीनेच ती नष्ट केली असे तर झाले नसेल? परीक्षेची रीत चुकीची असेल तर ‘सापडले नाही’ यावरून ‘नाही’ असे म्हणता येत नाही, हा धडा यातून घ्यावयाचा.

७. न उघडलेली वही

फिनिक्सने जो बर्फ खरवडला तो मैदानातील जमिनीत मुरलेला होता. हिमटोपीतील थर ही निराळी गोष्ट आहे. तेथे सर्पिल आकाराच्या खोल दऱ्या असून त्यांच्या उतारांवर फिकट व गडद पट्टे, वहीच्या पानांच्या कडांसारखे, उघडे पडलेले आहेत. ज्या काळी धूळ अधिक पडली तो पट्टा गडद. ज्या काळी हिम स्वच्छ पडले तो फिकट.

असे पट्टे का पडले असावेत? फिरणारा भोवरा डोलतो, तसा ग्रहाचा आसही डोलतो. पृथ्वीच्या आसाचा कल फार बदलत नाही. सुमारे २२ ते साडेचोवीस अंशांच्या दरम्यान तो राहतो, आणि तो स्थिर राखण्यास आपल्या मोठ्या चंद्राचे साह्य होते. मंगळाचे दोन्ही चंद्र अगदी लहान आहेत. त्यामुळे गेल्या काही दशलक्ष वर्षांत मंगळाचा कल सुमारे १५ पासून ३५ अंशांपर्यंत बदलत आला आहे, असे गणितावरून दिसते. या हेलकाव्याचे एक आवर्तन सुमारे १,२०,००० वर्षांचे असते. कल वाढला की ध्रुवांवर उन्हाळ्यात ऊन अधिक पडते, तेथील बर्फ उडून विषुववृत्ताच्या बाजूस जातो. कल कमी झाला की तो परत ध्रुवांकडे येऊन साचतो. हिमथर ही या येरझाऱ्यांची नोंद असावी.

‘असावी’ असेच म्हणावे लागते, कारण कोणत्याही थराचे वय अद्याप मोजलेले नाही. अंटार्क्टिकात सुमारे ३.२ किलोमीटर खोल छिद्र पाडून आठ लक्ष वर्षांचा हवामानेतिहास वाचण्यात आला. सरोवरातील गाळाचे वय किरणोत्सारी कार्बनावरून काढता येते. मंगळावर परागकण नाहीत, आणि कार्बनाची ती रीतही तेथे लागू पडत नाही. म्हणून थरांवर उतरणाऱ्या यानास निराळी साधने न्यावी लागतील. प्रत्येक थरात धूळ किती, तिचे कण केवढे, क्षार कोणते, ज्वालामुखीची राख आहे काय, हे त्यास पाहावे लागेल. बर्फात अडकलेल्या वायूंची परीक्षा करावी लागेल.

आणखी एक मापन विशेष मोलाचे ठरेल. पाण्यातील हायड्रोजनाचा जड प्रकार, ड्यूटेरियम, मंगळाच्या वातावरणात पृथ्वीच्या मानाने पाच-सहा पट आहे. हलका हायड्रोजन अवकाशात निसटून गेला आणि जड मागे राहिला, असा याचा अर्थ लावतात. जुन्या थरांतील बर्फात हे प्रमाण काय होते ते कळले, तर मंगळाने आपले पाणी केव्हा व किती गमावले, याचा हिशेब मांडता येईल. ज्या ग्रहावर एके काळी नद्या वाहिल्या तो असा कोरडा का पडला, हा प्रश्न पृथ्वीवर राहणाऱ्यांना परका नाही.

८. दोन सावधगिऱ्या

पहिली सावधगिरी अर्थ लावण्याविषयीची. २०१८ साली रडारनिरीक्षणांवरून असे जाहीर करण्यात आले की, दक्षिण ध्रुवावरील थरांखाली, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, वीस किलोमीटर रुंदीचे द्रव पाण्याचे सरोवर असावे. तेथून परत आलेला रडारचा प्रतिध्वनी फार तेजस्वी होता. पुढे इतर अभ्यासकांनी दाखविले की, विशिष्ट प्रकारची माती किंवा थरांची विशिष्ट रचना यांमुळेही असा प्रतिध्वनी येऊ शकतो. वाद मिटलेला नाही. पांढऱ्या खड्यांच्या बाबतीत चार दिवस थांबून निर्णय करता आला. दीड किलोमीटर खोलीवरील गोष्टीचा निर्णय इतक्या सुलभतेने होणारा नाही.

दुसरी सावधगिरी स्वच्छतेची. परागकणांचा अभ्यास करणारे प्रयोगशाळेत फार जपतात. कारण खिडकीतून आलेला आजचा एखादा परागकण हजारो वर्षांपूर्वीच्या नमुन्यात मिसळला, तर निष्कर्षच बिघडतो. मंगळाच्या बाबतीत तर हा धोका दुहेरी आहे. यानाबरोबर पृथ्वीवरील जंतू गेले, तर तेथे सापडलेला जीव तेथला की इथला हे कळणार नाही. आणि बर्फ व क्षार असलेल्या जागी तो तग धरून राहिला, तर ती जागाच कायमची दूषित होईल. म्हणून फिनिक्सचा यांत्रिक हात निर्जंतुक करून एका पिशवीत झाकून नेला होता, आणि मंगळावर उतरल्यानंतरच ती पिशवी उघडण्यात आली. पुढील यानासही हा नियम पाळावा लागेल. वही उघडताना आपलीच शाई तिच्यात सांडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

उपसंहार

मंगळाच्या ध्रुवावर उतरणाऱ्या यानास काय आढळेल, या प्रश्नाचे आजचे उत्तर असे आहे : तुटपुंजी हवा, जमिनीखाली वीतभर अंतरावर पाण्याचा बर्फ, पाण्यास द्रव ठेवू शकणारे व सेंद्रिय द्रव्यांना जाळू शकणारे क्षार, ऋतू पालटताना पडणारे हिम, आणि हिमटोपीवर उतरल्यास न वाचलेल्या थरांचा दोन किलोमीटर जाड संग्रह. जीव आढळेल की नाही, हे आज कोणासही सांगता येत नाही. परंतु तो शोधण्यापूर्वी ते थर वाचण्याची रीत बसविली पाहिजे. खालचे जुने आणि वरचे नवे, हा ज्या नियमाने लखनौतील अभ्यासक सरोवराचा गाळ वाचतात, तोच नियम तेथेही आरंभबिंदू राहील. लिपी मात्र नव्याने शिकावी लागेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. फिनिक्सच्या चरातील पांढरे खडे मीठ किंवा शुष्क बर्फ नव्हते, हे कोणत्या युक्तिवादाने ठरले, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. एका पेल्यात नुसता बर्फ व दुसऱ्यात बर्फ आणि मीठ घालून दोहोंचे तापमान दर पाच मिनिटांनी मोजा. दिसलेल्या फरकाचा मंगळावरील परक्लोरेटशी संबंध जोडा.

३. विहीर खणताना अथवा रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तेथे मातीचे थर पाहून त्यांची आकृती काढा. सर्वांत जुना थर कोणता, आणि तसे कशावरून म्हणता?

४. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ या दोन विधानांतील भेद व्हायकिंग यानांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.